गणूची सूज आणि मुकादमाचं प्रेशर

चिरेखाणीवर कपच्यांचा ढीग कोणी मुद्दाम करत नाय. जांभ्याचा चिरा तासला की कपची उडते, बाजूला पडते, नि दिवाळीपासनं शिमग्यापर्यंत बघता बघता एवढा डोंगर होतो की पलीकडचा माणूस दिसत नाय. किस्स्यांचं तसंच हाय. गोळा करायला कोणी बसत नाय. चार माणसं एका जागी घाम गाळतात, एकमेकांची टर उडवतात, नि ढीग होतो. माझ्या ढिगातले अर्धे किस्से बायकामाणसांसमोर सांगता यायचे नाय. उरलेले सांगतो. हसू आलं तर हसा, पण नंतर मला शिव्या घालू नका!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीच्या वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, आमची खाण. तिथनं खाली भाट्याचा समुद्र दिसायचा. तेवा चिरा कापायला मशीन नव्हती, सगळं हाताने. टिकाव मार, पहार घाल, चिरा सुटा कर, तास. मी तासणारा नाय. माझं काम पंप. खाणीत झऱ्याचं पाणी साचायचं, ते डिझेल पंपाने उपसायचं. पंप एकदा चालू झाला की मी दिवसभर रिकामा. रिकामा माणूस काय करणार? कोणाच्या डब्यात खेकडा सोड, कोणाच्या चपला कातळाला ठोक!

शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. सही येते, आकडे येतात. बाकीची अक्षरं माझ्याकडे बघून हसतात, नि मी त्यांच्याकडे बघून.

हे सगळे किस्से गणूचे. गणू म्हणजे आमच्या खाणीतला एक नंबर तासणारा. त्याने तासलेला चिरा असा, की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर कुठल्या बाजूला घरंगळू असा त्याला प्रश्न पडेल. आयुष्यभर मुंबैवाल्यांच्या घरांना चिरे काढलेन, नि स्वतः राहायचा मातीच्या भिंतीत. पावसाळ्यात भिंत पाझरायची. त्याला एकच ध्यास, चिऱ्याचं घर. मुकादमाने त्याला मुभा दिलेली, कोपरा तुटलेला चिरा असेल तो घेऊन जा. मग गणू रोज संध्याकाळी एक तुटका चिरा डोक्यावर घेऊन घरी. रोज एक. एक दिवस खाडा झाला तर त्या दिवशीचा चिरा गेला. म्हणून गणू खाडा करायचा नाय. ताप असो, सूज असो, काय पण असो.

एवढं ध्यानात ठेवा. बाकी मी सांगतो.

*

गणूची बोटं सुजायची. नुसती सूज नाय, सांधे लाल, गरम. हात लावला तर चुलीजवळच्या दगडाला लावल्यासारखं. सकाळी तर मूठ उघडायचीच नाय. त्याची बायको, आमची वहिनी, कोमट पाणी ओतायची, मग एकेक बोट सुटायचं.

एकदा सकाळी काय झालं, आम्ही खाणीत उतरतोय, तर गणू येतोय लांबनं. चाल तीच, पण हातात तांब्या! परसाकडेला गेलेला, तिथेच बोटं आखडली, तांब्या हातातनं सुटेना. घरी जाऊन पाणी ओतून घ्यावं तर उशीर होतोय. खाडा लागेल! म्हणून तसाच आला, तांब्यासकट, दीड मैल!

मी बोललो, "काय रे गणू, तांब्याला पण कामाला लावतोस काय? हजेरी मांडू त्याची?"

"मेल्या सख्या, दात काढू नको. आधी बोटं काढ."

पंपाच्या गरम इंजिनावर त्याची मूठ शेकली, तेवा तांब्या सुटला. त्या दिवशी पण त्याने सगळ्यांच्या पुढे काम केलंन. नि तेवापासनं मी त्याला 'तांबे' हाक मारायला लागलो. गावात तांबे आडनावाचा एक मास्तर होता, तो माझ्यावर उगाच खवळायचा.

*

मग पुड्या आल्या.

लांज्याच्या बाजारात एक पुडीवाला बसायचा. राखाडी पूड, मधातनं घ्यायची, सांधेदुखी गायब. मुकादमानेच आणलेन पयल्या. गणूने दोन दिवस खाल्लीन, नि तिसऱ्या दिवशी मूठ अशी उघडली, अशी मिटली! सूज नाय, लाली नाय. गणू लहान पोरासारखा सगळ्यांना हात दाखवत फिरला. टाळ्या वाजवून दाखवलेन!

महिन्याभरात त्याचं तोंड भरलं. दोन महिन्यांत गोल झालं. गाल असे वर आले की डोळे बारीक दिसायला लागले. जो तो बोलायचा, "गणपत, तब्येत काय सुधारलीय रे!" चिरा न्यायला आलेले मुंबैवाले बोलायचे, "गावची हवा!" हात-पाय काडीसारखे नि तोंड वड्यासारखं फुगलेलं, पण ते कोणाला दिसत नव्हतं. आमच्याकडे माणूस जाड झाला म्हणजे बरा झाला!

एकदा वहिनी मला पाखाडीच्या पायऱ्यांवर गाठून विचारते, "सख्याभावजी, खरं सांगा हां. घरी पेज नि सुकट, तेवढंच खातात. मग हे अंग कुठनं आलं? बाहेर कुठे जेवायला जातात काय?"

मी तोंड गंभीर केलं. बोललो, "वहिनी, मी कशाला कोणाच्या संसारात आग लावू?"

बस! चार दिवस गणूला घरी नुसती पेज, नि ती पण ताट आपटून. पाचव्या दिवशी त्याला कळलं हे कोणाचं काम, तेवा तो टिकाव घेऊन खाणभर माझ्या मागे धावला. धावता धावता मधेच थांबला. डोकं धरून खाली बसला.

"काय झालं रे?"

"कायनाय. डोकं ठणकतंय. ऊन."

ऊन कसलं, सकाळचे नऊ वाजले होते! पण त्याने डोक्याला फडका आवळून बांधलान नि परत चिरा तासायला बसला. हल्ली रोजच फडका बांधायचा. मुंबैवाल्यांना वाटायचं आमच्याकडची ती फॅशन हाय.

नाकातनं पण रक्त यायचं कधीकधी. तासता तासता थेंब पडायचे चिऱ्यावर. लाल चिऱ्यावर लाल रक्त, कोणाला दिसणार? मला दिसायचं. मी बोलायचो, "तांबे, चिऱ्याला रंग फुकट देऊ नको, मुंबैवाले जास्तीचे पैसे देणार नाय!" तो हसायचा. मी पण हसायचो.

*

त्या साली दिवाळीनंतर खाणीवर डॉक्टरीणबाई आली. आमच्या गावच्या बाजारात तिचा छोटा दवाखाना. गावातल्या चार भल्या माणसांनी तिला सांगितलेलं, खाणीवरच्या लोकांचं प्रेशर फुकट तपासा. बाई तरुण, बारीक, पदर खोचून टेबलावर ते पाऱ्याचं मशीन मांडून बसली. साठ माणसं रांगेत. आम्हाला वाटलं रक्त काढणार, म्हणून अर्धे आधीच काजीच्या झाडामागे जाऊन लपले.

बाईने आधीच सांगितलंन, "नावं लिहीत बसले तर आजचा दिवस पुरायचा नाही. प्रत्येकाला चिठ्ठी देत्ये, त्यावर आकडा. ज्याच्या चिठ्ठीवर मी लाल रेघ मारीन, त्याने बुधवारी माझ्याकडे यायचं. गोळ्या मी देईन."

माझी पाळी आली. मी बोललो, "बाई, दोन्ही हातांचं वेगवेगळं घ्या. डावा हात काय काम करत नाय, त्याचं कमी असेल."

"तुमचं तर जिभेचं घ्यायला पाहिजे," बाई बोलली. सगळी खाण हसली! मला ती बाई तेवाच आवडली.

गणूची बोटं बघून मात्र ती थांबली. तोंड बघितलंन. पट्टा बांधलान, हवा भरलीन, परत भरलीन. मग सगळ्यांकडे वळून बोलली, "तुम्हाला एक सांगू? ज्यांचे सांधे वर्षानुवर्षं सुजतात, ज्यांच्या हिरड्यांत पू असतो, त्यांचंच प्रेशर मला जास्त वर सापडतंय. पुस्तकात हे अजून नीट वाचलेलं नाही मी, पण डोळ्यांनी बघत्ये. सूज काय नुसती बोटांत नसते. रक्ताच्या नळ्या पण आतनं सुजतात. सुजलेली नळी कडक होते. कडक नळीत प्रेशर चढतं. नि चढलेलं प्रेशर त्याच नळीला आतनं सोलतं, की ती अजून सुजते."

मी बोललो, "म्हणजे बाई, सासू-सुनेसारखं. हिने तिला पेटवायचं, तिने हिला!"

"तसंच," बाई बोलली. "नि घर तुमचं जळतं."

बाकीच्यांना काय कळलं ते देव जाणे. मला कळलं. हेच तर वाईट. मी पंपवाला! रबरी पाईप उन्हाने आतनं सोलपटला की पाणी अडतं, पाणी अडलं की पंप जोर लावतो, पंपाने जोर लावला की पाईप अजून सोलपटतो. मग एक दिवस फाटतो. मी माझ्या डोळ्यांनी पाईप फाटलेले बघितलेत.

बाईने गणूच्या चिठ्ठीवर लाल रेघ मारलीन. "तुम्ही नक्की या हं," बोलली. गणूने चिठ्ठी न बघताच शर्टाच्या खिशात घातलीन, शर्ट काजीच्या फांदीला टांगलान, नि गेला टिकाव मारायला. दुपार फुकट जाईल ना!

*

आता मुकादम. मुकादम म्हणजे शिव्यांचं कोठार. सकाळी सात वाजता सुरू व्हायचा तो भाट्याच्या समुद्राला पण ऐकू जायचा. त्याची चिठ्ठी चांगली आली. एकशेतीस, खाली ऐंशी, रेघ-बिघ काय नाय. ती चिठ्ठी नाचवत तो आम्हाला बोलला, "बघा रे भडव्यांनो! शिव्या देणाऱ्याची तब्येत!" नि त्याने पण शर्ट काढून फांदीला टांगलान, कारण त्याला पाणी बघायला खाली उतरायचं होतं.

एक फांदी. दोन शर्ट. नि मी रिकामा.

गणूच्या खिशातली चिठ्ठी काढली. दोनशे दहा, खाली एकशेवीस, नि ती लाल रेघ. ती मुकादमाच्या खिशात. मुकादमाची गणूच्या खिशात. झालं! एक बिडी ओढायला लागते तेवढा पण वेळ लागला नाय.

मनात काय होतं सांगू? एवढंच, की मुकादमाची वाट लागेल, दोन दिवस हसू, नि बुधवारच्या आधी सांगून टाकू. गणूला काय होतंय? गणू बैल!

*

संध्याकाळी मुकादमाने परत चिठ्ठी काढलीन, कोणालातरी दाखवायला. लाल रेघ! मघाशी नव्हती नि आता हाय! त्याला वाटलं, मघाशी आपण आनंदात नीट बघितलंच नाय. मटकन बसला. पाणी मागितलंन. मग असा आवाज काढलान की आम्ही आयुष्यात ऐकला नव्हता. हळू!

"सख्या... जरा इकडे ये रे... दोनशे दहा म्हणजे किती रे?"

"दोनशे दहा म्हणजे मुकादम, दोनशेच्या वर दहा."

"वर?"

"वर."

दुसऱ्या दिवसापासनं खाणीत शांतता. शिवी दिली की प्रेशर चढतं असं त्याच्या बायकोने त्याला सांगितलंन. "अरे दगडू, तो चिरा जरा नीट धरतोस काय रे, राजा?" राजा! दगडू घाबरून चिरा पायावर पाडून बसला! मुकादमाने मीठ सोडलंन. खारा बांगडा सोडलान. सकाळी खाणीभोवती दहा फेऱ्या मारायचा, छातीवर हात ठेवून, जसं काय आत अंडी ठेवलीत. कामाला पण हुरूप आला. लोक बोलायचे, देव पावला!

आता तुम्हीच सांगा, एवढी मजा चालू असताना कोण सांगेल? मी बोललो, बुधवारी सांगू. बुधवार आला नि मुकादम दवाखान्यात जाऊन पण आला!

बाईने प्रेशर घेतलंन. एकशेतीस. चिठ्ठी बघितलीन, परत मशीन बघितलंन. बोलली, "त्या दिवशी तुम्ही घाबरला असाल. कधीकधी होतं असं."

मुकादम बोलला, "घाबरतो कोण? मी सात दिवस मीठ सोडलं!"

नि तिथनं येऊन त्याने सगळ्यांना सांगितलंन, त्या चिठ्ठीने मला वाचवला. नाहीतर आज तुम्ही माझं तेराव्याचं जेवत असता! चिठ्ठी त्याने लाकडाच्या चौकटीत घालून भिंतीला लावलीन, देवाच्या बाजूला.

*

हसलात ना? हसा. आता पुढचं ऐका.

त्याच आठवड्यात पंपाजवळ गणू येऊन बसला. हातात चिठ्ठी. शेजारच्या मुलीकडनं वाचून घेतलेली.

"सख्या, एक सांग. बाई मला बोलली, नक्की या. पण चिठ्ठीवर तर रेघच नाय. आता बाई खरी की कागद खरा?"

मी पंपात डिझेल ओतत होतो. तोंडात आलेलं, की मेल्या, जा. बुधवार गेला तर शुक्रवारी जा. तोंडाशी आलेलं. पण मग चिठ्ठीचं सांगावं लागलं असतं. मुकादमाला कळलं असतं. माझं काम गेलं असतं. नि गणूला दवाखान्यात जायला दुपार लागली असती, दुपार गेली की खाडा, खाडा झाला की चिरा गेला. म्हणजे त्याला पण जायचं नव्हतंच. तो विचारायला आलेला ते फक्त कोणीतरी 'नको जाऊ' बोलावं म्हणून.

मी बोललो, "कागद खरा!"

"तेच मी पण बोलतो," गणू बोलला. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलीन. संध्याकाळी तुटका चिरा डोक्यावर घेऊन घरी गेला. घरी पोचल्यावर पुडी खाल्लीन, कारण बोटं परत लाल व्हायला लागली होती. हल्ली एका पुडीने भागत नव्हतं, दोन लागायच्या.

एवढाच किस्सा. ह्यात हसण्यासारखं काय नाय. पण ढिगात हाय, म्हणून सांगितला.

*

माघ महिना. सकाळचे दहा. मुकादम नुकताच आमच्यातनं गेलेला, "चालू दे हां, बाबांनो, चालू दे" असं मऊ मऊ बोलत. मी त्याची नक्कल करून दाखवत होतो. सगळे पोट धरून हसत होते.

तेवढ्यात गणू उभा राहिला. टिकाव हातात. तोंड वाकडं करून बोलला, "मु... मुका... चा..."

आम्ही अजून हसलो! गणू कधी नक्कल करायचा नाय, नि आज केलीन, ती पण काय हुबेहूब! मी सगळ्यात मोठ्याने हसलो. बोललो, "वा रे तांबे! माझा धंदा बसवलास!"

तो परत बोलला. आम्ही परत हसलो.

तिसऱ्यांदा बोलला तेवा तोंडाच्या एका बाजूने लाळ गळत होती. टिकाव त्याच्या पायावर पडलेला, अंगठ्यातनं रक्त येत होतं, नि त्याला ते माहीत नव्हतं.

पयला मुकादम धावला. जो छातीवर हात ठेवून चालायचा, तो कपच्यांच्या ढिगावरनं उडी मारून आला. चिऱ्यांचा ट्रक अर्धा भरलेला उभा होता. उतरवायला वेळ कुठला? चिऱ्यांवरच गोणपाट टाकलं, गणूला आडवा केला, डोकं मुकादमाच्या मांडीवर. मी पाय धरून बसलो. उजवा पाय धरला तर तो असा, जसा काय कोणाचा दुसऱ्याचाच. खाली गणूने तासलेले चिरे, वर गणू. उतारावर ड्रायवरने जोरात घेतलान, तेवा मुकादमाच्या तोंडातनं इतक्या महिन्यांची साठलेली शिवी सुटली. अशी सुटली, की गणूने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलंन!

*

जीव वाचला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. नुसतं "बा बा" करायचा.

गणूला घरी आणल्यावर वहिनी बाजारातल्या बाईला बोलवून घेऊन आली. बाई आली, खाटेजवळ उभी राहिली. पुड्या बघितलेन, बोटावर घेऊन वास घेतलान. "ह्यात काय असतं माहित्ये? सूज दाबायचं जबरी औषध. सूज दबते, तोंड फुगतं, नि प्रेशर चढत जातं. वरनं विझलेलं दिसतं, आतनं पेटवतं." मग वहिनीकडे वळून बोलली, "पण मी ह्यांना बोलावलं होतं. लाल रेघ मारली होती. आले का नाहीत?"

वहिनीने कमरेच्या पिशवीतनं चिठ्ठी काढून दिलीन. नीट घडी केलेली.

बाईने उघडलीन. एकशेतीस, खाली ऐंशी. रेघ नाय. अक्षर तिचंच.

बाई बघतच राहिली. चिठ्ठी उलटी केलीन, सुलटी केलीन. मग खाटेच्या कडेला बसली नि बोलली, "मीच चुकले. घाईत चुकीची लिहिली मी."

वहिनी बोलली, "नशीब, बाई. तुमचं काय त्यात."

मी तिथेच होतो. खांबाला टेकून. माझं हे तोंड, जे आयुष्यात कधी बंद झालं नाय, ते त्या दिवशी बंद. मुकादम माझ्या बाजूला डोळे पुसत होता. हळूच बोलला, "बघ सख्या, चिठ्ठीचं नशीब असतं. मला बरोबर लागली."

*

चिऱ्याचं घर झालं. गणूने नेलेले तुटके चिरे होते, कमी पडले ते मुकादमाने दिलेन, चांगले, चारी कोपऱ्यांचे. सुट्टीच्या दिवशी सगळी खाण तिथे. गणू खुर्चीवर मधोमध, डाव्या हाताने खुणा करतोय. हा इकडे, तो तिकडे. कोणी चिरा जरा तिरका लावला की "बा बा बा!" मी मुद्दाम एक उलटा लावला, तर त्याने डाव्या हाताने कपची अशी फेकून मारलीन की माझं कपाळ फुटलं! सगळे हसले. गणू पण हसला. अर्ध्या तोंडाने.

भिंत पाझरायची बंद झाली. गणूचं प्रेशर मात्र खाली येईना.

बाई दर बुधवारी सडा चढून यायची. फी घ्यायची नाय. पुड्या बंद, तशा एकदम नाय, हळूहळू बंद केलेन तिने. मीठ कमी. गोळी एकाच्या दोन, दोनाच्या तीन. वहिनी घड्याळ लावून द्यायची. तरी पारा वरच. बाई पट्टा सोडताना दर वेळी तेच बोलायची, "औषध बरोबर आहे, पथ्य बरोबर आहे. मग आत काय धुमसतंय तुमच्या, गणपतराव?"

गणू तिच्याकडे बघत राहायचा. मी ओट्यावर बसलेलो असायचो. दर बुधवारी मी तिथे असायचोच. का, ते विचारू नका.

एका बुधवारी वहिनीने बाईला विचारलंन, "पलीकडच्या खाणीवर तपासायला जाणार होता ना तुम्ही?"

"नाही म्हटलं त्यांना," बाई बोलली. "मी आता कुठे तपासणीला जात नाही. परत चुकीचा आकडा लिहिला तर? एक माणूस पुरे झाला."

पलीकडच्या खाणीवर शंभर माणूस. शंभर माणसांची बोटं माझ्या डोळ्यांसमोर आली. सुजलेली, लाल. नि माझं तोंड उघडलं.

"बाई, तुम्ही चुकला नव्हता. तुम्ही रेघ मारलेली. चिठ्ठी मी बदलली. मुकादमाच्या खिशातली गणूच्या खिशात, गणूची त्याच्या. मस्करी केली. नि गणू विचारायला आला, तेवा पण मीच बोललो, कागद खरा."

वहिनीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने तसाच जमिनीवर ठेवलान, नि आत गेली. बाईच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात तो हवा भरायचा फुगा.

गणूने डावा हात वर केलान. मला बोलवलंन. ये.

मी गेलो. मनात बोललो, आता थोबाडीत बसणार. बसू दे. त्याच्यापुढे उकिडवा बसलो, डोळे मिटले. त्याने माझा कान धरलान. असा धरलान, अख्खा, मुठीत. चिरे काढलेला हात तो! पिळला नाय, ओढला नाय. नुसता धरून ठेवलान. मी डोळे उघडले तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. समोर भिंतीकडे बघत होता.

बाई बोलली, "गणपतराव, हात मोकळा करा. प्रेशर घ्यायचंय."

सोडला नाय.

"सखाराम, तुम्ही जरा बाजूला..."

बाजूला कुठे होणार? कान माझा, मूठ त्याची!

मग बाईने तसाच पट्टा बांधलान. हवा भरलीन. पारा वर गेला, हळूहळू खाली आला. तिने नीट वाकून बघितलंन. परत हवा भरलीन. परत बघितलंन. कानातल्या नळ्या काढलेन, पुसलेन, परत घातलेन, नि तिसऱ्यांदा घेतलंन. मी खाली मान घालून, कान वर.

मग तिने चिठ्ठीवर आकडा लिहिलान, ह्या वेळी लाल रेघ नाय, नि बोलली,

"गणपतराव, तो कान सोडू नका."